थारच्या डिकीत १२ व्होल्टचं सॉकेट: बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत वायर कशी न्यावी

मे महिना होता. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती, समोर खाडीपलीकडे धोपावे. इंजिन बंद, चावी चालू. डिकीतल्या छोट्या फ्रीजमध्ये आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या होत्या. त्यांना २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. दहा मिनिटांत फ्रीजने टूं-टूं केलं आणि कमी व्होल्टेजचा इशारा देऊन तो बंद पडला. बॅटरी मात्र ठणठणीत होती, कारण तीन तासांचा प्रवास करून आम्ही नुकतेच थांबलो होतो. जेट्टीवरच्या मासळीवाल्या मावशींनी मूठभर बर्फ दिला. इन्सुलिन गोठलं तर टाकून द्यावं लागतं, म्हणून बर्फ थेट न लावता कुप्या टॉवेलात गुंडाळून वेळ निभावली.

पुण्याला परतल्यावर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, आणि फ्रीज चालू असताना मागच्या सॉकेटवर ११.१. बाकीचा सव्वा व्होल्ट वायरीत जिरत होता. ज्या दुकानातून ते सॉकेट बसवून घेतलं होतं, तिथे पुढच्या लायटरच्या वायरीला एक बारीक वायर नुसती पिळून जोडली होती आणि वर काळी टेप. टेप सोडवली तर आतला जोड काळवंडलेला, वायरीचं प्लास्टिक मऊ झालेलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, १४ व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळे हा दोष प्रवासात झाकला जाई आणि गाडी थांबली की उघडा पडे. तो जोड आणखी एक उन्हाळा टिकला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

नंतर मी ते सगळं काम उपटून स्वतः नव्याने केलं. ज्यांनी आजवर गाडीच्या वायरिंगला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी ते क्रमाने सांगतो आहे. माझी गाडी २०२० नंतरची डिझेल थार आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, जिप्सी किंवा जिम्नीत आतले कोपरे वेगळे असतील, पण बॅटरी पुढे आणि गरज मागे हा प्रश्न सगळीकडे एकच. नवखे लोक सॉकेट निवडण्यात आठवडा घालवतात. पैसे आणि लक्ष वायरीवर घाला. सॉकेट तर पाच मिनिटांत बदलता येतं.

आधी कागद आणि पेन

मागे काय काय चालवायचं आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढे अँपिअर मांडा. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्यांना १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज ४५ ते ६० वॅटचा, म्हणजे ४ ते ५ अँपिअर. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी दोन यूएसबी मिळून ५-६ अँपिअर. टायरमध्ये हवा भरायचा लहान पंप १० अँपिअरच्या आसपास. तंबूतला एलईडी दिवा हिशेबात न धरला तरी चालेल.

मोठा पंप, जो २५-३० अँपिअर खेचतो, तो सॉकेटवर चालवायचाच नाही. त्याला मगरीच्या जबड्यासारखे क्लिप येतात, ते थेट बॅटरीला लावायचे. चहाच्या किटलीसाठी इन्व्हर्टर लावण्याचा विचार असेल तर तोही सोडा; ३०० वॅटचा इन्व्हर्टरसुद्धा २५ अँपिअरच्या वर जातो आणि लायटरचं सॉकेट तेवढ्यासाठी बनलेलं नसतं.

माझा हिशेब असा झाला: फ्रीजसाठी एक कायम चालू लाइन, आणि चावीबरोबर चालू-बंद होणारी दुसरी लाइन, तिच्यावर एक लायटर सॉकेट आणि एक यूएसबी. मुख्य वायर ३० अँपिअरची.

वायर किती जाड

थारची लांबी ३९८५ मिमी, म्हणजे चार मीटरला जेमतेम कमी. पण वायर सरळ जात नाही. बोनेटमधून वळून, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) ओलांडून, दाराच्या पट्टीखालून मागे येईपर्यंत मला पाच मीटर लागली. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशेब दहा मीटरचा.

एक चौरस मिमी जाडीच्या एक मीटर तांब्याच्या वायरीचा रोध साधारण ०.०१७५ ओहम असतो. तो लांबीने गुणायचा, वायरीच्या जाडीने भागायचा आणि अँपिअरने गुणायचा. आलेलं उत्तर म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट. दहा मीटर, १५ अँपिअर धरून १.५ चौरस मिमीची वायर घेतली तर पावणेदोन व्होल्ट जातात. २.५ ची घेतली तर एक व्होल्टहून थोडे जास्त, ४ ची घेतली तर ०.६६, आणि ६ ची घेतली तर ०.४४.

फ्रीजसारखी वस्तू या फरकावरच जगते. माझ्या फ्रीजच्या 'हाय' सेटिंगला ११.८ व्होल्टखाली तो स्वतःला बंद करतो, म्हणजे गाडी सुरू करण्यापुरती बॅटरी शिल्लक राहावी. सोय चांगली आहे, पण फ्रीजला बॅटरीचं व्होल्टेज दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या प्लगपाशी पोचलेलं व्होल्टेज दिसतं. बारीक वायर त्याला भरलेली बॅटरी रिकामी भासवते. दाभोळला नेमकं हेच झालं होतं.

म्हणून मुख्य वायर ६ चौरस मिमी. दुकानात 'सिक्स एमएम' म्हटलं की कळतं. लाल पाच मीटर, काळी पाच मीटर, वर अर्धा-अर्धा मीटर जादा.

घ्यायची ती ऑटोमोबाइल वायर. घराच्या वायरिंगची पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते, आणि तिच्यातले धागे जाड, थोडेच असतात. बोनेटखाली उष्णता, तेल आणि सततचा थरथराट असतो. तिथे बारीक धाग्यांची, १०५ अंश सोसणारी वायर लागते. दुसरी फसवणूक अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या वायरीची. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर किटमध्ये ती बरेचदा येते. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरा दिसला तर परत करा. पुण्यात मी वायर, लग (वायरीच्या टोकाला बसणारे तांब्याचे तुकडे) आणि स्लीव्ह तपकीर गल्लीतून घेतले, फ्यूज होल्डर आणि रिले नाना पेठेतून. मुंबईकरांना लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड आहेच.

फ्यूज: बॅटरीला लागूनच

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: फ्यूज वायरीच्या संरक्षणासाठी असतो, सॉकेटला लावलेल्या वस्तूच्या नाही. वायर कुठेतरी पत्र्यावर घासून उघडी पडली तर बॅटरी त्या जागेतून शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं. फ्यूज बॅटरीपासून दोन मीटरवर बसवला, तर त्या दोन मीटरला कुणी वाली नाही. म्हणून ३० अँपिअरचा फ्यूज प्लस टोकापासून एक वितीच्या आत, झाकण असलेल्या होल्डरमध्ये.

मागे पोचल्यावर एक छोटा फ्यूज बॉक्स बसवायचा. तिथून पुढच्या फांद्या २.५ चौरस मिमीच्या. फ्रीजला १० अँपिअरचा लाल फ्यूज, दुसऱ्या लाइनला १५ अँपिअरचा निळा. यूएसबीच्या तुकड्याला बरोबर येणारी वायर केसासारखी बारीक असते, म्हणून तिच्या सुरुवातीला साडेसात अँपिअरचा तपकिरी फ्यूज वेगळा. फ्यूज वारंवार उडाला तर मोठा बसवू नका, कारण शोधा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज 'दुरुस्त' केलेला मी घाटात पाहिला आहे. ती गाडी जळण्याची तयारी असते.

रिले कशासाठी

दुसरी लाइन चावी काढल्यावर बंद व्हावी असं मला हवं होतं. यूएसबी सॉकेटवरचा निळा व्होल्टमीटर दिसायला छान असतो, पण दिवसरात्र थोडी थोडी बॅटरी खात राहतो. गाडी तीन आठवडे उभी राहिली की ते जाणवतं.

चावीच्या वायरीवरून एवढी वीज नेता येत नाही. ती फक्त रिलेला खूण करते आणि रिले आतल्या आत मोठा स्विच दाबतो. चार पायांचा, ४० अँपिअरचा साधा रिले घ्या. पायांवर आकडे असतात. १५ अँपिअरच्या फ्यूजमधून येणारी वायर ३० ला, सॉकेटकडे जाणारी ८७ ला, चावीची बारीक वायर ८६ ला आणि काळी ८५ ला. रिले मी मागेच, फ्यूज बॉक्सशेजारी पॅनलच्या आत ठेवला. तिथे बोनेटखालचं पाणी आणि उष्णता नाही. पुढून लाल-काळ्या जाड वायरीबरोबर एक चौरस मिमीची एक वायर जास्त आली, इतकंच.

ही खूण घ्यायची कुठून? डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये पुढच्या लायटरचा फ्यूज असतो. त्या जागी 'फ्यूज टॅप' नावाचा तुकडा बसतो, मूळ फ्यूज त्यातच राहतो आणि बाजूने नव्या लाइनची वायर निघते. तिला ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. गाडीची मूळ वायर कापायची नाही, सोलायची नाही. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्या वाटेलाही जायचं नाही.

आता गाडीत हात

सकाळी सुरुवात करा. पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस जातो. गाडी सावलीत, इंजिन थंड. १० चा पाना घेऊन बॅटरीचं मायनस टोक आधी काढा आणि कापडात गुंडाळून बाजूला सरकवा. मायनस आधी काढण्याचं कारण साधं: प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. जोडताना मायनस सर्वांत शेवटी.

नंतर वाट ठरवा, वायर न टाकता. फायरवॉलमध्ये मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जिथून आत जातो तिथे भोकाच्या कडेला मोठा रबरी ग्रोमेट असतो. त्यात बाजूला छोटं भोक पाडून वायर नेता येते. घराच्या वायरिंगमध्ये पाइपातून वायर ओढायला जी स्प्रिंग वापरतात ती इथे फार कामाला येते. पत्र्याला नवं भोक पाडायची वेळ आलीच, तर पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहून मगच. ब्रेकची नळी, डिझेलची लाइन, एसीचा पाइप हे सगळे फायरवॉलच्या आसपास असतात. भोक पडलं की कडा घासून रेड ऑक्साइड लावा आणि रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर आत घालू नका. कोकणातली खारी हवा उघड्या पत्र्याला एका पावसाळ्यात गंज चढवते.

बोनेटखाली वायर टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, फ्लेक्झिबल पाइपच्या आत. पाइपामुळे घासण्यापासून बचाव होतो आणि उंदरांपासूनही थोडाफार होतो. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. आत आल्यावर क्लचचं पेडल, ब्रेकचं पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या हालचालीत वायर येता कामा नये. टाय लावून ती वर बांधा आणि पेडल हाताने पूर्ण दाबून पाहा. पुढे दाराच्या पायरीची प्लास्टिक पट्टी काढून तिच्याखालून मागे. पट्टी काढायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पाती घ्या, नाहीतर क्लिप तुटतात. सीटच्या रुळाखालून, सीटबेल्टच्या बोल्टखालून वायर दाबली जाणार नाही हे पाहा. थारचा फ्लोअर धुता येतो, पाणी जायला बुचं आहेत. म्हणजे फ्लोअर कधीतरी पाण्याने भरणार हे गृहीत धरा: वायरीचा एकही जोड फ्लोअरवर नको. पुढून मागेपर्यंत अखंड वायर, जोड फक्त दोन टोकांना.

टोकं नीट दाबा

तांब्याचे लग वायरीच्या मापाचे घ्या आणि क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कडीने चेपलेला लग दिसतो पक्का, पण थरथराटाने सैल होतो आणि सैल जोड तापतो. दाबल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. सुटला तर सुटू द्या, गाडीत सुटण्यापेक्षा बरं. बरेच जण वर सोल्डर करतात. गाडीत ते टाळा: सोल्डर शिरलेला भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथे थरथराटाने धागे तुटतात. लगच्या मानेवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा. काळी टेप उन्हाळ्यात गोंद सोडते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

अर्थिंगचं काय

मारुतीच्या साध्या गाडीत मागे कुठल्याही बोल्टला काळी वायर जोडली की काम होतं, असं सांगितलं जातं. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ या शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या गाड्या. बॉडी चेसिसवर रबराच्या गुट्ट्यांवर बसलेली असते. दोघांना जोडणारी विजेची वाट म्हणजे ठरावीक ठिकाणच्या अर्थच्या पट्ट्या. त्यात थारचं हार्डटॉप आणि मागचं दार बोल्टवर, बिजागरीवर. मधे रंग, मधे रबर. तिथल्या बोल्टवर अर्थ घेतली तर आज चालेल, गंजल्यावर चालणार नाही, आणि दोष सापडायला महिना जाईल.

म्हणून मी काळी वायरही पुढेच आणली आणि जिथे बॅटरीची मायनस केबल बॉडीला बोल्टने जोडलेली असते त्याच जागी लावली. थेट बॅटरीच्या मायनस टोकावर नाही. काही नव्या गाड्यांत त्या टोकावर बॅटरीचं मोजमाप ठेवणारा छोटा सेन्सर असतो; त्याच्या अलीकडे जोडलं तर गाडीला तुमचा खर्च दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. बोल्टखालचा रंग घासून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, वरून थोडं पेट्रोलियम जेली.

सॉकेट कुठे

मागच्या दारात नको. दार उघडताना-मिटताना वायर दर वेळी वाकते आणि एक दिवस आतून तुटते. डाव्या बाजूच्या पॅनलवर, व्हीलआर्चच्या (चाकावरच्या फुगवट्याच्या) वर, सामान आपटणार नाही अशा खोबणीत बसवा. तोंड आडवं किंवा किंचित खाली, झाकणासह. सॉफ्टटॉपची चेन कितीही लावली तरी जुलैत थोडं पाणी शिरतंच. भोक साधारण २८-२९ मिमीचं लागतं, पण हातातल्या सॉकेटचं माप घेऊनच होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) निवडा. मागे मधला पाय प्लस, बाजूचा मायनस.

फ्रीजसाठी मात्र लायटरचं सॉकेट मला पटत नाही. खडबडीत रस्त्यावर तो प्लग हळूहळू बाहेर सरकतो, टोकाशी ठिणग्या पडून प्लॅस्टिक वितळतं. मी फ्रीजच्या लाइनला ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारा जोड, लावला. एकदा बसला की ओढल्याशिवाय निघत नाही.

चालू करण्याआधी

फ्यूज अजून एकही बसवलेला नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून लाल वायर आणि बॉडी यांच्यामध्ये तपासा. बीप वाजता कामा नये. वाजली तर वायर कुठेतरी दबली आहे. नंतर बॅटरी जोडा आणि मुख्य होल्डरमध्ये ३० ऐवजी ५ अँपिअरचा फ्यूज घाला. चूक असेल तर स्वस्तात उडेल. सगळं शांत राहिलं तर ३० चा.

खरी परीक्षा भार देऊन. जुना एच-फोर हॅलोजन बल्ब घ्या, हेडलाइटचा. त्याचा एक फिलामेंट ५ अँपिअरच्या आसपास खेचतो, म्हणजे फ्रीजएवढाच. काच प्रचंड तापते, तेव्हा तो धातूच्या ताटलीत ठेवा. पंधरा मिनिटं पेटवून बॅटरीवर आणि मागच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. माझ्याकडे फरक ०.२ आला. ०.३ पर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर एखादा लग सैल आहे. पुढून मागेपर्यंत वायरीवरून, फ्यूज होल्डरवरून हात फिरवा. कुठेही कोमट लागलं तर तिथेच थांबा.

रात्री गाडी उभी असताना फ्रीज किती वेळ चालेल याचाही अंदाज हवा. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. उन्हाळ्यात सरासरी दीड-दोन अँपिअर धरा, म्हणजे आठ तासांत १२ ते १६ अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून, ती पूर्ण भरलेली आणि तरुण असेल, तर सकाळी गाडी सुरू होते. पण गाडीची साधी बॅटरी खोलवर रिकामी होण्यासाठी बनलेली नाही. स्थिर बॅटरीवर १२.२ व्होल्ट दिसले की अर्धी संपली असं समजा आणि फ्रीज बंद करा. सलग दोन रात्री एकाच जागी राहायचं असेल तर दुसरी बॅटरी हा वेगळा विषय.

नवी गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. विम्यातही कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी वेगळं कलम असतं, आयएमटी-२४. थोडा जादा हप्ता भरून फ्रीजचं वायरिंग त्यात नोंदवता येतं. बिलं जपून ठेवा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत आवळा, त्यानंतर दर पावसाळ्याआधी. आणि कुठला फ्यूज कशाचा, कुठली वायर कुठे जाते याचं साधं चित्र काढून ते फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. माझ्या झाकणावर ते मराठीत लिहिलेलं आहे, म्हणजे गुहागरला किंवा दापोलीला रात्री आठ वाजता जो वायरमन भेटेल त्याला टॉर्चच्या उजेडात वाचता येईल.